इंग्लंडमध्ये घर घेताना ईपीसी ‘ई’ म्हणजे किती वाईट? (लेकीसाठी विचारतोय)

कोथरूडकर_काका

मंडळी, नमस्कार. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

लेक-जावई लीड्सला असतात. सहा वर्षं भाड्याच्या घरात काढली, आता स्वतःचं घ्यायचं चाललंय. बरीच घरं बघून दोनांवर गाडी अडली आहे. पहिलं १९०५च्या आसपासचं, लाल विटांचं, रांगेतलं मधलं घर. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर तीन लहान खोल्या, त्यावर पोटमाळा, मागे सतरंजीएवढं अंगण. ९० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबात पावणेदहाशे फूट. दुसरा २०१७च्या इमारतीत सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, ६२ चौरस मीटर, सगळं चकाचक. किंमत जवळपास सारखी.

लेकीने दोन्हींची ईपीसी नावाची, घर ऊर्जेच्या बाबतीत कसं आहे ते सांगणारी प्रमाणपत्रं व्हॉट्सॲपवर पाठवली. फ्लॅट ‘बी ८३’, जुनं घर ‘ई ४७’. जावई म्हणतात, शंभरात ४७ म्हणजे काठावर पाससुद्धा नाही. लेकीचा जीव मात्र त्या अंगणात अडकलाय.

मी वीज मंडळात ३१ वर्षं काढली, त्यामुळे युनिट दिसले की हात शिवशिवतात. जुन्या घराच्या कागदावर वर्षाला दर चौरस मीटरला ३७२ युनिट लिहिलेत. ९०ने गुणले, ३३,४८० झाले. आमच्या टू बीएचकेला वर्षाला १,८०० लागतात, त्यात एप्रिल-मेचा एसी धरून. अठरापट! घरात माणसं अडीच. भट्टी चालवतात का तिथे?

रीडिंगची_रमा

काका, भट्टीच चालवतात. ऑक्टोबर ते एप्रिल.

पण तो गुणाकार फाडून टाका. कागदावरचे युनिट मीटरवरचे नव्हेत. ती प्राथमिक ऊर्जा आहे. एक युनिट घरात पोचवायला वीज केंद्रात आणि वाटेत जे खर्ची पडतं तेही त्यात धरलेलं असतं. हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय त्यातला बहुतेक भाग गॅसचा, आणि इथे गॅसचं युनिट विजेच्या युनिटाच्या साधारण पाव किमतीत पडतं.

आता ते अक्षर. ए ते जी ही प्रतवारी मुळात खर्चाची आहे. घर तापवणं, गरम पाणी आणि दिवे यांचा दर चौरस मीटरला किती खर्च येईल याचा अंदाज काढून त्यावरून गुण देतात. फ्रिज, टीव्ही, स्वयंपाक यांचा हिशेब त्यात नसतो. ९२ आणि वर ए, ८१ ते ९१ बी, ६९ ते ८० सी, ५५ ते ६८ डी, ३९ ते ५४ ई, २१ ते ३८ एफ, त्याखाली जी. पास-नापास काही नाही. १९०५च्या घराला ई मिळणं म्हणजे सत्तरीच्या माणसाला चष्मा असणं.

हा अंदाज तुमच्या लेकीच्या वापराचाही नव्हे. बैठकीत २१ अंश, बाकी घरात १८, कामाच्या दिवशी सकाळी दोन तास आणि दुपारनंतर सात तास हीटिंग, असं एक कागदी कुटुंब प्रत्येक घरात राहायला पाठवतात. घर घराशी ताडून बघायला ते बरं. बिल किती येईल हे त्यावरून ठरवू नका.

आणि पहिलं अक्षर सोडून खालचा तक्ता वाचा. भिंत, छप्पर, जमीन, खिडक्या, हीटिंग अशा ओळी असतील. कुठेकुठे ‘अझ्यूम्ड’चा शेरा दिसेल, म्हणजे ‘गृहीत’. तपासायला आलेला माणूस भिंतीला भोक पाडत नाही. जे दिसत नाही ते घराच्या वयावरून धरून चालतो. आमचं घर २०१४ला घेतलं तेव्हा पोटमाळ्यापुढे ‘इन्सुलेशन नाही (गृहीत)’ होतं. का, तर माळ्याचं झाकण आधीच्या मालकाने रंग मारताना चिकटवून टाकलेलं. आम्ही सुरीने कडा कापून उघडलं तर आत चांगलं चार इंच पिवळं ग्लासवूल, आणि एक नाताळचं झाड.

प्रमाणपत्राची तारीख काय आहे? १० वर्षं चालतं ते.

कोथरूडकर_काका

मार्च २०१७! आणि अगदी हेच लिहिलंय, ‘इन्सुलेशन नाही (गृहीत)’. भिंतींपुढेही ‘भरीव वीट, इन्सुलेशन नाही (गृहीत)’. रमाताई, तुम्ही कागद न बघताच वाचलात.

नऊइंची

नमस्कार काका. मी पुण्यातच वास्तुरचनेचं काम करतो, भिंतीबद्दल थोडं बोलतो.

‘भरीव वीट’ ही साधीसुधी ओळ नाही. इंग्लंडात साधारण १९२०-३०च्या पुढे दोन पातळ भिंती आणि मध्ये पोकळी अशी पद्धत रुळली. पोकळीत नंतर इन्सुलेशन फुंकून भरता येतं, एका दिवसाचं काम. १९०५च्या भिंतीला पोकळीच नाही. ९ इंची एकसंध वीट.

भिंतीतून उष्णता किती पळते ते यू-व्हॅल्यूने मोजतात. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॉट जातात, तो आकडा. कमी तितका चांगला. ९ इंची भरीव भिंतीचा पावणेदोन ते दोन. तिथल्या आजच्या नव्या भिंतीचा ०.२च्या आसपास. आठ-दहापट फरक आहे.

गंमत म्हणजे आपली पुण्याची ९ इंची, दोन्हीकडून प्लॅस्टर केलेली भिंतही त्याच दोनच्या आसपास. फक्त आपल्याकडे डिसेंबरात पहाटे दहा अंश झाले की पेपरात बातमी येते आणि दुपारी पंखा लागतो. तिकडे चार-पाच महिने आत-बाहेर पंधरा अंशांचा फरक असतो. भिंत तीच, पण भोक चोवीस तास उघडं.

मात्र हे मधलं घर आहे हे विसरू नका. दोन बाजूंना शेजारी, तेही घर तापवतात. उघड्या भिंती पुढची आणि मागची, एवढ्याच. हेच घर रांगेच्या टोकाला असतं तर मी वेगळा सल्ला दिला असता.

पश्चिमेची_बेडरूम

नऊइंची, एक अवांतर. बाणेर, हिंजवडीकडच्या टॉवरांत आता माइव्हानच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या सहा इंची काँक्रीट भिंती. त्यांची यू-व्हॅल्यू काय हो? मे महिन्यात रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर इस्त्रीसारखी.

नऊइंची

विटेहून वाईट. तीनच्या वर. नियम आहे आपल्याकडे, २०१८ची इको निवास संहिता. त्यात भिंत-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा आहे. सॅम्पल फ्लॅटमध्ये हा आकडा विचारून बघा, सेल्सवाला तुम्हाला क्लबहाऊस दाखवायला घेऊन जाईल. असो, काकांचा धागा आहे.

श्टुटगार्टवाली

जर्मनीतून एक सावधगिरीची गोष्ट सांगते, इंग्लंडला तशीच्या तशी लागू नाही.

इथे एनर्गीआउसवाइस, म्हणजे घराचा ऊर्जा दाखला असतो, ए प्लस ते एच. अक्षर थेट दर चौरस मीटरच्या युनिटांवरून ठरतं. ३०च्या खाली ए प्लस, २५०च्या वर एच. पण हा कागद दोन जातींचा. एक ‘बेडार्फ’, म्हणजे इमारत तपासून काढलेली गरज. दुसरा ‘फरब्राउख’, मागच्या तीन वर्षांच्या प्रत्यक्ष बिलांवरून काढलेला. दुसरा स्वस्त, म्हणून विकणाऱ्याचा लाडका. १ नोव्हेंबर १९७७च्या आधी बांधकाम परवानगीचा अर्ज केलेल्या, पाचांपेक्षा कमी घरांच्या इमारतीला सहसा पहिलाच लागतो. आमचं १९८३चं, त्यामुळे दुसरा चालला.

कागदावर ‘सी’. आम्ही खूश. त्या घरात एक आजीबाई एकट्या राहायच्या. स्वयंपाकघर आणि निजायची खोली एवढंच तापवायच्या, बाकी दारं बंद. सी घराला नव्हता, आजींच्या काटकसरीला होता. आम्ही बाळासकट राहायला गेलो, पहिल्या हिवाळ्यात गॅस दुपटीच्या घरात गेला. दलालाला विचारलं तर म्हणे, कागद तर नियमाप्रमाणेच आहे. होताच.

जर्मनीत कोणी जुनं बंगलीवजा घर घेत असेल तर आणखी एक: मालक बदलला की नव्या मालकावर दोन वर्षांत काही कामं करायची सक्ती येऊ शकते. वरच्या छताचं इन्सुलेशन, उघडे गरम पाइप गुंडाळणं, ३० वर्षांपलीकडचा जुन्या पद्धतीचा बॉयलर काढणं. हा खर्च घासाघीस करतानाच मांडायचा, सही झाल्यावर नाही.

टेक्सासी_मिसळ

माझ्या घराला ५८ मिळाले होते, आई आठवडाभर रडवेली. अमेरिकेतल्या हर्स इंडेक्समध्ये, म्हणजे घरांच्या ऊर्जा मापात, आकडा जितका कमी तितकं चांगलं. १०० म्हणजे २००६च्या मापाचं ठरावीक घर, शून्य म्हणजे जेवढं खातं तेवढं स्वतः बनवतं. शेवटी आईला म्हटलं, हा गोल्फचा स्कोर समज. तिला गोल्फही माहीत नाही.

लिफीकाठचा

आयर्लंडमध्ये ए१, ए२, ए३, बी१ असं करत जीपर्यंत पंधरा पायऱ्या. आमचं बी३. लंडनच्या चुलतभावाचं सी. दर दिवाळीला व्हिडिओ कॉलवर मी वरचढ ठरत आलो होतो, रमाताईंचा प्रतिसाद वाचून कळलं की त्याचे गुण खर्चाचे आणि माझे थेट युनिटांचे. त्याला हा धागा पाठवू नका.

रीडिंगची_रमा

फ्रान्सचं आणखी निराळं. तिथे ऊर्जा आणि कार्बन असे दोन आकडे काढतात आणि जो वाईट तो तुमचा वर्ग. शिवाय अक्षराला दात आहेत: जानेवारी २०२५पासून ‘जी’ घर नव्या करारावर भाड्याने देता येत नाही, २०२८ला ‘एफ’चा नंबर. भाड्याने द्यायला म्हणून कोणी तिकडे घर बघत असेल तर आधी हे.

इंग्लंडातही भाड्याला किमान ‘ई’ लागतो, २०२०पासून सगळ्याच भाडेकरारांना. २०३०पर्यंत तो ‘सी’ करायची सरकारची भूमिका आहे. काका, लेक स्वतः राहणार असेल तर हे लागू नाही. पण चार वर्षांनी नोकरी बदलून घर भाड्याने द्यायची वेळ आली तर येईल, एवढं जावयाच्या कानावर घाला.

कोथरूडकर_काका

जावयाच्या कानावर घातलं. त्यांनी ते फ्लॅटच्या बाजूने धरलं. म्हणतात, बी तो बी, त्यात काय बघायचं?

मँचेस्टरचा_मन्या

मी सांगतो काय बघायचं. माझाही फ्लॅट बी.

आमच्या इमारतीत तळाला एकच मोठा बॉयलर. तिथून गरम पाणी नळांनी घरोघर. प्रत्येक घरात एक मीटर. कागदावर उत्तम. पण उष्णता पुरवणारी कंपनी एकच आणि ती बदलता येत नाही. घरगुती गॅस-विजेला ऑफजेमने, म्हणजे इथल्या ऊर्जा नियामकाने, कमाल दर बांधून दिलेले असतात, ते या पुरवठ्याला लागू नाहीत. दोन वर्षांपूर्वी दर वाढले तेव्हा समोरच्या गल्लीतल्या जुन्या ‘डी’ घरवाल्याचं बिल माझ्यापेक्षा कमी होतं. आम्ही महिनाभर सुटीला पुण्यात होतो, हीटिंग पूर्ण बंद, तरी रोजचा स्थिर आकार चालू. आणि ते नळ कॉरिडॉरमधून जातात, त्यामुळे जुलैत दार उघडलं की आपल्या लक्ष्मी रोडला दुपारी बाराला उतरल्यासारखं.

तुमच्या फ्लॅटचं तसंच असेल असं नाही. काही इमारतींत नुसते विजेचे हीटर असतात, त्यांचं गणित आणखी वेगळं. ईपीसीतली ‘मुख्य हीटिंग’ची ओळ वाचा. ‘कम्युनिटी स्कीम’ लिहिलं असेल तर विकणाऱ्याकडून मागच्या वर्षाची बिलं मागा. अक्षर नको, बिलं.

कोथरूडकर_काका

‘कम्युनिटी स्कीम’च आहे.

यॉर्कशायर_पोहे

काका, मी लीड्सच्याच जवळ, १९०२च्या अशाच घरात अकरा वर्षं. लेकीला हे जसंच्या तसं पाठवा.

‘पोटेन्शियल’ म्हणून दुसरं अक्षर छापलेलं असेल, बहुतेक सी. त्याला भुलू नकोस. खालच्या यादीतलं सगळं केलं तर ते मिळणार. त्यात भिंतींचं इन्सुलेशन आणि सोलर पॅनेलही धरलेले असतात. तेवढ्या पैशांत कोथरूडला गाडी येईल.

स्वस्तातून सुरुवात कर. पोटमाळ्यावर २७० मिलिमीटर अंथरणं हे सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त फायद्याचं. मग दारं-खिडक्या, टपालाची फट, न वापरातली चिमणी. तळमजल्याची जमीन लाकडी असेल तर फळ्यांच्या फटींतून वारा येतो. बैठकीच्या कोपऱ्यात मोजे काढून उभी राहा, लगेच कळेल. फटी बुजव, पण बाहेर पायाशी जाळीच्या विटा असतात त्या बुजवू नकोस. जमिनीखालचं लाकूड त्या हवेवर जगतं.

भिंतीला आतून इन्सुलेशन करता येतं, पण प्रत्येक खोलीतून तीन-चार इंच जातात आणि चुकीचं केलं तर ओल आत कोंडते. मी एका ठेकेदाराकडून एकाच खोलीत करून घेतलं, दुसऱ्या हिवाळ्यात कपाटामागे काळी बुरशी. त्याने फोन उचलणं बंद केलं. परत सगळं उखडलं. आता त्या खोलीत चुन्याचं प्लॅस्टर आहे आणि मी शांत आहे.

माळ्यावर गेलीस की छपराच्या आतून पिवळसर फेस मारलेला नाही ना, ते बघ. स्प्रे फोम. तो असला तर कित्येक बँका कर्जच देत नाहीत, कारण त्यामागचं लाकूड तपासता येत नाही. ईपीसीवर त्याने गुण वाढलेलेही दिसू शकतात!

शेवटचं, हे आईला सांग. रेडिएटरवर कपडे वाळत घालून वर कुकरच्या चार शिट्ट्या, आणि खिडक्या बंद, यातून भिंतीवर जे पाणी सुटतं त्याचा ईपीसीशी काही संबंध नाही. एक्झॉस्ट पंखा लावा. बाथरूमचाही.

श्टुटगार्टवाली

कपड्यांचं अगदी अगदी. आमच्याकडे तर भाडेकरारातच लिहिलेलं असायचं, दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडा.

हिशेबी_माणूस

काका, तुम्ही इथून पैसे देणार असाल तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलात की बँक टीसीएस हा आगाऊ कर कापते, तो विवरणपत्रात वळता होतो. तिकडचा वकील पैसा कुठून आला हे विचारणारच, तेव्हा एफडी मोडल्याची पावती जपून ठेवा. ईपीसीचं मला काही कळत नाही, वाचतोय.

कोथरूडकर_काका

आठ दिवसांनी लिहितोय.

लेक परवा ते घर पुन्हा बघायला गेली. शिडी मागितली. विकणारे गृहस्थ वयस्कर, जरा गोंधळले, पण दिली. व्हिडिओ कॉलवर मी इकडे, रात्रीचे नऊ, जेवण ताटात तसंच. तिने झाकण ढकललं, मोबाइलचा टॉर्च लावला. आधी नुसता अंधार आणि तिचं शिंकणं. मग वाशांच्या मधोमध गादीसारखं पसरलेलं, करडं. म्हटलं, हात घालू नकोस, पट्टी लाव. नातीची शाळेची पट्टी नेली होती, ती बारा इंची. आठपर्यंत बुडाली. २०० मिलिमीटर. फेसबिस काही नाही, छपराचं लाकूड उघडं दिसतंय.

गृहस्थ म्हणाले, हो, २०१९ला घातलं होतं, कागदावर बदलायचं असतं हे माहीत नव्हतं. त्यांनी आपणहून नवा तपासनीस बोलावला. काल नवं प्रमाणपत्र आलं: डी ५७. वाड्याची वीट हलली नाही आणि दहा गुण वाढले. भिंतीपुढे अजून ‘गृहीत’ आहेच. छपरापुढचा गेला.

फ्लॅटवाल्याकडे बिलं मागितली आहेत. दोनदा आठवण केली, दलाल म्हणतो पाठवतो. जावई या विषयावर सध्या बोलत नाहीत.

पोहेसाहेब, कोपऱ्यात मोजे काढून उभी राहिली होती. वारा येतो म्हणाली.

यॉर्कशायर_पोहे

येणारच. तो थांबवता येतो, दोन शनिवारांचं काम. बॉयलर किती सालचा? २००५नंतरचा कंडेन्सिंग (धुरातली उष्णताही वापरणारा) असेल तर बरं, पण ईपीसीवर वर्ष लिहिलेलं नसतं. शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं त्याची वही मागायला सांगा.

कोथरूडकर_काका

हे विचारायचं राहिलंच. दुपारी फोन करतो, तिकडे आत्ता पहाटेचे तीन वाजलेत.